मळके पाय पाहिजेत

कौसल्याच्या पायाच्या नखांना नेलपॉलिश होतं. लालभडक, ताजं, अंगठ्याच्या कडेला थोडं कातडीवर गेलेलं. ती जिना चढून वर आली तेव्हा दौलतनं तिचं तोंड बघायच्या आधी पायच बघितले. तोंड बघायची सवयच मोडली होती त्याची. गेला आठवडाभर तो राहनाळच्या गोदामांच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या हमालांचे पाय बघत होता, चपलेच्या दुकानातल्या सेल्समनसारखा. ब्रदर मनोजची ऑर्डरच तशी होती. पाय असे आणा दौलतभाऊ, की बघणाऱ्याच्या काळजाला चटका बसला पाहिजे. भेगा पाहिजेत, माती पाहिजे. पण जखम नको, पू नको, पट्टी बांधलेली नको, फोटोत ते बरं दिसत नाही. दौलतनं मान हलवली होती आणि मनातल्या मनात विचारलं होतं, किलोवर आणू का डझनावर? आणि आता ही समोर उभी. मागं तिच्याबरोबर गोदामात खोके उचलणाऱ्या बायका. सगळ्यांच्या टाचा दगडानं घासून घासून गुलाबी झालेल्या. एकीनं पैंजण घातलेले, एकीनं व्हॅसलीन चोपडलेलं, तिचे पाय ट्यूबलाइटखाली समोशासारखे चमकत होते.

"हे काय करून आलीस कौसल्या?"

"काय केलं?"

"पाय धुऊन आलीस?"

"मंग? घान पाय घेऊन येऊ? ब्रदर सोता हात लावनार बोललाव ना तुमी. आमाला काय लाज न्हाय काय, भाऊ?"

मागची एक फिस्सकन हसली. "पोरीचं पॉलिश ढापलंय तिनं."

"ढापलं न्हाय गो, तिनंच लावून दिलं. बोलली, आये, मोठी मानसं येनार हायेत."

दौलतला हसू येत होतं आणि घामही फुटत होता, दोन्ही एकदम. ज्यानं कुणी हा पाय धुण्याचा कार्यक्रम काढला त्याच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नव्हती की ज्याचे पाय दुसरा धुणार तो माणूस ते आधी घरी धुऊनच येणार. दाताच्या डॉक्टरकडं जाताना लोक दात घासून जातात. मोलकरीण यायच्या आधी बायका घर आवरतात. पण ही अक्कल लीडरशिपच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

संस्थेचं नाव कारभारी सेवा संघ. देवानं दिलेल्या कशाचेच आपण मालक नाही, नुसते कारभारी आहोत, असं त्यामागचं तत्त्व. भिवंडीच्या टेमघरमध्ये यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, गाळ्यांवरचा पहिला मजला भाड्यानं घेतलेला. खाली ठकठकाठक, वर प्रार्थना, शिवणक्लास आणि हमालांच्या पोरांची शिकवणी. फरशी कायम थरथरायची, नवीन माणसाला वाटायचं आपल्याला चक्कर येतेय. दौलत इथं सुरुवातीपासून होता. कागदावर प्रोग्राम इन्चार्ज, म्हणजे पाण्याचा टँकर, प्रोजेक्टर, पाहुण्यांसाठी रिक्षा, आणि हल्ली पाय. तीन साहेब त्याच्या डोळ्यांदेखत आले. पहिले म्हातारे रेव्हरंड, ते निदान मीटिंगमध्ये उघडपणे झोपायचे. दुसऱ्याला शिस्तीचं वेड होतं, म्हणून दौलतनं त्याच्या खुर्चीचा एक पाय कानशीनं जरासा घासून ठेवला; तो बिचारा वर्षभर खाली जाऊन लूमवाल्याशी भांडला, की तुमच्या मशिनींमुळं माझी खुर्ची हलते. तिसरा हा मनोज. बंगळुरूला लीडरशिपचा कोर्स केलेला, गुळगुळीत, वयानं दौलतपेक्षा बराच लहान. आल्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून म्हणाला, मी तुमचा बॉस नाही, मी तुमचा सेवक आहे. दुसऱ्या दिवशी सेवकाच्या केबिनला एसी बसला. आता हा सेवक हैदराबादला अजून मोठा सेवक व्हायला चालला होता. त्याची जागा कुणाला द्यायची ते चेन्नईचं मंडळ ठरवणार, कारण संस्था त्यांच्याच देणगीवर चाले. मंडळाच्या मॅडम आज पहिल्यांदा भिवंडीत येत होत्या. सकाळी पाय धुण्याचा कार्यक्रम, मग जेवण, आणि जेवणानंतर दौलतची मुलाखत. नाव मनोजनं सुचवलेलंच होतं, मॅडमनी फक्त माणूस बघायचा होता. दौलतला ती जागा पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की तो तिच्याबद्दल कधी धड बोलायचाच नाही, फक्त टिंगल करायचा, बायकोसमोरसुद्धा. पण दुपारच्या मुलाखतीसाठी त्यानं नवे काळे बूट घेतले होते आणि ते आत्ता पायात चावत होते.

मनोज केबिनमधून बाहेर आला तो थंड हवेचा झोत घेऊनच. पांढराशुभ्र कुर्ता, कमरेला बांधायचा टॉवेल हातात. रांगेत बसलेल्या बायकांकडं बघून हसला, मग खाली बघितलं, आणि त्याचं हसू तसंच राहिलं पण डोळे विझले.

"दौलतभाऊ, एक मिनिट." दाराआड नेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे काय आहे? हे पाय आहेत की पार्लरची जाहिरात?"

"घरून धुऊन आल्या. तुम्ही हात लावणार म्हणून."

"मग मी काय धुऊ? मला ऑथेंटिक पाहिजे, ऑथेंटिक! मॅडम कल्याण फाट्यापाशी पोचल्यात. यांना सांगा, जरा खाली गल्लीत दोन फेऱ्या मारून या. अनवाणी."

दौलतनं अगदी गंभीर तोंड करून ते सांगितलं. कौसल्यानं त्याच्याकडं असं बघितलं की गल्लीतलं गटारही लाजलं असतं. "येड लागलंय काय? आता चिखलात जाऊ? सकालपासनं घासत बसलेय मी. धुवायचे तर धू म्हनावं, न्हायतर र्‍हाऊ दे. चा तरी देनार हाव ना?" बाकीच्यांनी पाय साडीत ओढून घेतले. तो परत आला आणि मनोजला म्हणाला, नाही म्हणतात. हे सांगताना त्याला आतून इतकी मजा आली की क्षणभर मुलाखत वगैरे सगळं विसरायला झालं. "आणि तो राघो?" मनोज कळवळून म्हणाला. "त्याचे पाय तर तुम्ही सांगितलं होतं एकदम—" राघोचे पाय खरंच एकदम होते, टाचांच्या भेगांत माचिसची काडी उभी राहील असे. पण राघोला वडप्याच्या गोदामात डबल ड्युटी लागली होती, ट्रक खाली करायचे होते. ज्याचे पाय खरे मळलेले असतात त्याला ते धुऊन घ्यायला सुट्टी मिळत नाही. हेही दौलत मनातच म्हणाला. मनात तो फार चांगला बोलायचा.

मनोजनं दौलतच्या बुटांकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "तुमचे दाखवा."

"काय?"

"पाय. तुमचे."

बूट काढताना दौलतला विचित्र वाटलं, डॉक्टरसमोर शर्ट काढताना वाटतं तसं. मोजा निघाला. प्रदर्शनात मांडून ठेवण्यासारखा पाय होता तो. तरुणपणी लूमवर बारा-बारा तासांच्या शिफ्टा उभ्यानं काढलेल्या, त्या टाचांतून अजून उतरल्या नव्हत्या. डाव्या अंगठ्यावर एकदा लूमचं बीम पडलेलं, सुताची गुंडाळी असलेलं ते जड लोखंड. तेव्हापासून त्या अंगठ्याला नख नव्हतं, काळपट जाड शिंगासारखं काहीतरी होतं. पोटऱ्यांवर निळ्या नसांच्या गाठी. मनोजच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो दौलतनं तिथं प्रार्थनेतही कधी बघितला नव्हता. "प्रेज द लॉर्ड," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

"मनोजभाई, दुपारी माझी मुलाखत आहे."

"मग? आत्ता मजूर, दुपारी कोट-टाय. मॅडमनी तुम्हाला कधी पाहिलंय? दौलतभाऊ, मी हे सगळीकडं बघितलंय. कुणी तोंडाकडं बघत नाही. फोटोसुद्धा पायांचाच असतो. आणि उद्या तुम्ही या जागेवर बसणार, तर संस्थेसाठी एवढं करायचं नाही?"

खरं सांगायचं तर दौलतला हेच आवडलं. त्या वाक्यातली घाण त्याला लगेच कळली, आणि तीच घाण त्याला जत्रेतल्या भज्यांच्या वासासारखी ओढून घेऊन गेली. एकाच बाईला एका दिवसात दोनदा भेटायचं, सकाळी हमाल म्हणून आणि दुपारी साहेब म्हणून, आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही! असली थट्टा त्यानं आयुष्यात केली नव्हती. दानात आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून त्यानं एक ढगळ चौकड्यांचा शर्ट ओढला, कुणा मेलेल्या माणसाचा असावा तसा त्याला वास येत होता. खांद्यावर गमछा टाकला. केस विस्कटले. गच्चीवर जाऊन टाकीखालच्या ओल्या मातीत दोन मिनिटं उभा राहिला. माती बोटांच्या फटींतून वर आली, गार, आणि त्याला लहानपणीसारखं वाटलं. खाली उतरताना शिवणक्लासच्या दारात रंजिता उभी होती. त्याची बायको. बायकांना मशीन शिकवायची. आजचा त्याचा पांढरा शर्ट तिनंच पहाटे उठून इस्त्री केला होता.

"हे काय सोंग?"

"मी राघो. हमाल. वडप्याचा."

"तो शर्ट काढा. चुरगळेल तुमचा आतला." तिनं त्याच्या विस्कटलेल्या केसांकडं बघितलं. मग म्हणाली, "मघाशी मनोजभाईंनी फोनवर मॅडमना सांगितलं, दौलतची वाइफ आमच्याकडं टेलरिंग शिकवते. त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांबद्दल खूप ऐकलंय."

"ऐकू दे की."

"चांगलं ऐकलंय," रंजिता म्हणाली, आणि ते असं म्हणाली की चांगलं ऐकलं जाणं हीच काहीतरी नाजूक चिनीमातीची वस्तू आहे आणि ती त्याच्या मातकट हातात द्यायला तिला नको वाटतंय.

मॅडम आल्या. दौलतनं मनात जी मॅडम रंगवली होती, गॉगल, पर्स, सेंट, ती आलीच नाही. साठीच्या पुढची, बुटकी, जाड चष्म्याची बाई आली, सुती साडी, पायात रबरी चप्पल. सगळ्यांचे नमस्कार घेऊन ती एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मनोजनं भाषण केलं. प्रभूनं स्वतः शिष्यांचे पाय धुतले, लीडर तोच जो गुडघ्यावर येतो, कारभारीपण म्हणजे हात ओले करणं. दौलत मधल्या खुर्चीवर राघो होऊन बसला होता आणि मनात शब्दाला शब्द आधीच म्हणत होता, कारण हे भाषण त्यानंच टाइप केलं होतं. बायकांच्या रांगेतून कौसल्या त्याच्याकडं बघत होती. त्याला पहिल्या नजरेत तिनं ओळखलं होतं आणि तोंडाला पदर लावला होता. दौलतनं तिला बारीक डोळा मारला. मग मनोजनं कमरेला टॉवेल बांधला, गुडघ्यावर आला, आणि घमेल्यातल्या कोमट पाण्यात दौलतचा पाय उचलून ठेवला. पाण्यावर खालच्या लूममुळं बारीक बारीक वर्तुळं उठत होती. मोबाइल पुढं आले. मनोजचे हात अगदी हलके होते, मेकअप करणाऱ्याचे असतात तसे. तो पाय धुत नव्हताच, तो पायाच्या आजूबाजूचं पाणी हलवत होता. माती जाऊ नये याची तो काळजी घेतोय हे दौलतला कळलं, म्हणजे फोटो होईस्तोवर. एवढं हसू त्याला आलं की दाबताना डोळ्यांत पाणी आलं, आणि कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, बघा, रडतोय.

दौलतचा बाप नगरकडून लूमवर कामाला आलेला, आणि रविवारी चर्चमध्ये कारभारी. खरा कारभारी, म्हणजे बाकं पुसणं, घंटा वाजवणं, आणि वर्गणीची पिशवी फिरवणं. लांब दांड्याला लावलेली मखमली जांभळी पिशवी. बाप ती एकेकाच्या नाकासमोर धरायचा आणि समोर बघायचा, पिशवीत काय पडतंय इकडं कधीच बघायचा नाही. सात-आठ वर्षांचा दौलत एकदा सोड्याच्या बाटलीचं झाकण घेऊन बसला आणि ते त्यानं खणकन पिशवीत टाकलं. बापानं आवाजावरून ओळखलं असणारच. पण त्यानं मान वळवली नाही, पुढच्या बाकाकडं गेला, तसाच ताठ, तसाच समोर बघत. घरी मार पडेल म्हणून दौलत दिवसभर वाट बघत राहिला. मार पडला नाही. रात्री बाप जेवता जेवता त्याच्या आईला एवढंच म्हणाला, आज कुणीतरी देवाची थट्टा केली, आणि भाताचा घास घेतला. दौलतला तेव्हा बापाचा इतका राग आला होता. मारायचं तरी! ओळखायचं आणि ओळखलं असं म्हणायचं नाही, हा कुठला दुष्टपणा? तेव्हापासून त्याला ताठ उभ्या राहणाऱ्या माणसांची चीड आली ती आलीच. सगळे कुणाला तरी बनवत असतात, मग आपण बनवलं तर काय बिघडलं, हा त्याचा हिशेब होता आणि तो आजपर्यंत चुकला नव्हता. मनोज तेच करत होता, फक्त स्वच्छ कपड्यांत.

"ब्रदर, मुझे दो," कुणीतरी म्हणालं.

मॅडम उठून आल्या होत्या. मनोज गडबडला. "नो नो मॅडम, तुम्ही बसा—" तोवर त्यांनी चष्मा काढून पदरात खोचला, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून कण्हत गुडघ्यावर आल्या, आणि दौलतचा डावा पाय दोन्ही हातांत धरला. धरला म्हणजे पकडला. पोराला आंघोळ घालताना आई पकडते तसा. अंगठ्यानं त्या टाचेतली माती खरवडायला लागल्या, भेगांतून, बोटांच्या मधून, नखाच्या जागी असलेल्या त्या काळ्या शिंगाखालून. दुखलं. दौलतचा पाय आपोआप मागं आला, त्यांनी परत ओढला. पाणी काळं झालं. त्यांच्या साडीवर शिंतोडे उडाले. फोटो काढणारे थांबले होते, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, एक म्हातारी भांडं घासत होती एवढंच. त्यांच्या डोक्यावरची विरळ पांढरा भांग दौलतला वरून दिसत होती आणि तिथं बघू नये असं वाटत असूनही तो तिथंच बघत होता. आता ही वर बघेल, त्याला वाटलं. आणि त्यांनी वर बघितलं. सरळ त्याच्या तोंडाकडं, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून.

"ये अंगूठा कैसे हुआ?"

"बीम गिरा, मॅडम. लूम का." हे खरं होतं. ते त्याच्या तोंडून राघोच्या आवाजात निघालं.

"दर्द होता है?"

"थंडी में." हेही खरं. रंजितालाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"नाम क्या है भैया?"

इथं दौलतनं श्वास घेतला. "राघो."

"राघो," मॅडमनी म्हणून बघितलं. "तुम इधर कब से आता है? इधर का लोग तुमको ठीक से रखता है?"

आणि इथं त्याच्यातला जुना इरसाल माणूस उडी मारून पुढं आला. एवढी सोन्यासारखी संधी! स्वतःची शिफारस स्वतः करायची, तीही पाय धुऊन घेता घेता. "सब ठीक है मॅडम. पर असली आदमी एकच हाय इधर. दौलतभाऊ. वो नहीं होता तो हम लोग कुछ नहीं. रात को बुलाओ, आता है. दवाखाना, शाळा, सब वो देखता है. ऐसा आदमी नहीं देखा." रांगेतून कौसल्याचा खोकल्यासारखा आवाज आला. मनोजनं टॉवेल तोंडाशी नेला. मॅडमचे डोळे मात्र भरून आले. त्यांनी त्याचे पाय पुसले, एकेक बोट वेगळं करून, आणि मग, हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, वाकून त्या मोडक्या अंगठ्याला कपाळ टेकवलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. काय ते दौलतला कळलं नाही. पण त्या म्हणत होत्या ते मनोजसाठी नव्हतं, फोटोसाठी नव्हतं, एवढं कळलं. त्यांच्या कपाळाचा घाम त्याच्या अंगठ्याला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक माणूस बनवला आणि हसू आलंच नाही. हसू जिथून यायचं तिथं हात घालून बघितलं तर ती जागा ओली लागली. उठताना मॅडम मनोजला म्हणाल्या, "लंच के बाद दौलत से मिलना है ना? राघो भी बैठेगा. मेरे बाजू में. जिसके लिए काम करना है, वो सामने होना चाहिए."

जेवणात पुलाव होता. दौलतनं खाल्ला नाही. मनोजनं त्याला केबिनमध्ये ओढलं, दार लावलं, एसीचा गार वारा ओल्या पायांवर आला. "काय गरज होती एवढं लांबण लावायची? एक नाव सांगून गप बसायचं! आता खरं सांगितलं तर संपलं. उद्यापासून हे क्लास, ही शिकवणी, सगळ्याला कुलूप. माझं हैदराबादचं सोडाच."

"तुम्हीच बसवलं मला तिथं."

"मी बसवलं. तुम्ही बोललात," मनोज म्हणाला. पहिल्यांदाच तो खरं बोलत होता आणि ते त्याला शोभतही होतं. मग त्यानं घड्याळाकडं बघितलं आणि खांदे पाडले. "तुम्हीच ठरवा. दौलत म्हणून जाताय का राघो म्हणून. मी काहीच बोलणार नाही. मी तुमचा सेवक." सवयीनं निघालं ते त्याच्या तोंडून, आणि दोघांनाही हसू आलं नाही.

शिवणक्लासमध्ये मशीनवर त्याचा कोट लटकत होता. त्यानं बाहीत हात घातला. बाहेर काढला. काय सांगायचं? मॅडम, ज्याचे पाय तुम्ही धुतलेत तो मीच. गंमत केली. जमलं तर मला साहेब करा. हे तो बोलू शकला असता. मंडळ चिडेल, संस्था जाईल, मनोज तोंडावर पडेल, हे सगळं खरं होतं, पण ते सगळं नंतरचं होतं. आधी त्या म्हातारीचं तोंड होतं. ते तोंड कसं होईल ते त्याला दिसत होतं, आणि तिथपर्यंत जाऊन त्याचे पाय थांबत होते. मनोजसारख्या माणसाला शेंडी लावायची त्याला लाज वाटली नसती. ज्याच्यापुढं लाज वाटावी असं गिऱ्हाईकच त्याला आजपर्यंत भेटलं नव्हतं. रंजिता दारात येऊन उभी राहिली.

"कुठला शर्ट?" तिनं विचारलं.

त्यानं खांद्यावरचा गमछा सारखा केला. तिनं कोट खाली काढला, झटकला, आणि परत टांगून ठेवला.

ऑफिसात टेबलापलीकडं मॅडम बसल्या होत्या. समोर एक खुर्ची, दौलतसाठी. बाजूला, त्यांच्या उजव्या हाताला, एक खुर्ची राघोसाठी. टेबलावर तीन कप चहा. मनोज भिंतीशी उभा, हात पुढं बांधून. दौलत चौकड्यांच्या शर्टात आत आला आणि बाजूच्या खुर्चीत बसला, कडेवर, हमाल बसतात तसा, पाठ न टेकता. खाली लूमच्या मालकानं जेवायची सुट्टी केली होती की लाइट गेली होती कोण जाणे, पण ठकठक बंद होती आणि त्या शांततेत रिकामी खुर्ची फार मोठी दिसत होती. मॅडम वाट बघत होत्या. त्यांनी आपला चहा घेतला. चष्मा पुसला. मध्येच त्याच्या पायांकडं बघून हसल्या, "अभी अच्छा लगता है?" तो म्हणाला, हो. मग त्यांनी मनोजला विचारलं. मनोज म्हणाला, फोन लागत नाहीये. रंजिता पाण्याचा जग घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "रंजिता, तुम्हारा हसबंड किधर है?"

रंजितानं जग ठेवला. राघोकडं बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तसं.

"मालूम नहीं मॅडम," ती म्हणाली. "मी पण वाटच बघतेय त्यांची. खूप वर्षं झाली."

मॅडमना मराठी कितपत कळलं देव जाणे. त्यांनी दौलतकडं वळून त्याच्या मनगटावर हात ठेवला, मघासारखाच, पकडल्यासारखा. "राघो, तुम बोलो. तुम उसको इतना मानता है. वो आयेगा?"

अजून वेळ होता. एक शब्द पुरला असता. तोंड उघडलंसुद्धा त्यानं, आणि त्या उघड्या तोंडातून जो आवाज आला तो राघोचा होता, पण राघोपेक्षाही खालचा, आणि त्यात दौलतबद्दल जी तुच्छता होती ती त्यानं मनोजलाही कधी दिली नव्हती.

"नहीं आयेगा, मॅडम. मैं उसको जानता है. वैसाच है वो. सामने आने का टाइम आया की आता नहीं."

भिंतीपाशी मनोजनं डोळे मिटले. मॅडमनी मान हलवली, हळूहळू, दोनतीनदा. मग पलीकडच्या खुर्चीसमोरचा कप उचलून त्यांनी दौलतपुढं सरकवला.

"ठंडा हो जायेगा," त्या म्हणाल्या. "तुम पी लो."

तो चहा रंजितानं केलेला होता, बिनसाखरेचा, डॉक्टरनं दौलतला सांगितला होता तसा. त्यानं तो बशीत ओतला आणि राघोसारखा फुर्र करून प्यायला.